वहिनींच्या सॉसमधला भोपळा

छापखान्यात सगळे त्यांना वहिनी म्हणत. आता वहिनी म्हटलं की कुठेतरी एखादा दीर असावा लागतो. वहिनींचा नवरा एकुलता एक. सख्खा सोडाच, चुलत-मावस भाऊसुद्धा त्याच्या वाट्याला आला नव्हता. दीर मात्र बासष्ट. मशीनवाले, घडी घालणारे, डिंकवाले, हिशेबनीस, दारावरचा पहारेकरी, इतकंच काय, स्वतः व्यवस्थापकसुद्धा त्यांना वहिनी म्हणायचे. वहिनी छापखान्याचं कँटीन सांभाळत आणि या बासष्ट दिरांना दुपारी एकच्या ठोक्याला जेवू घालत. त्यातले साठ दीर हात न धुता रांगेत उभे राहत आणि वहिनी त्यांना परत नळावर पाठवत.

या छापखान्यात पुस्तकं वगैरे काही छापत नसत. छापत खोकी. बिस्किटांची, सूपची, पास्त्याची, सकाळी दुधात टाकून खायच्या कुरकुरीत चुऱ्याची. प्रत्येक खोक्याच्या बगलेवर एक बारीक चौकट असायची. ऊर्जा इतकी, प्रथिनं इतकी, तंतू इतके, मीठ इतकं. दिवसाला लाखभर चौकटी इथून छापून बाहेर पडत आणि त्यातली एकही वाचण्याचं पाप या बासष्टांपैकी कोणी कधी केलं नव्हतं. चौकट सरळ बसली की नाही, एवढंच ते बघत.

वहिनींचा पास्ता सुद्धा अशाच एका खोक्यातून निघाला. म्हणजे रिकाम्या खोक्यातून. सतरा वर्षांपूर्वी रंग सरकलेला एक वाया गेलेला कागद वहिनींनी फडताळात अंथरायला घरी नेला. त्यावर पास्त्याची कृती होती, शेजारी हिरवेगार टोमॅटो होते आणि ताटली धरून हसणाऱ्या बाईला निळ्या मिशा होत्या. कृतीत लिहिलं होतं, मैदा घ्या. घरात मैदा नव्हता. होती ती चाळणी न लावलेली, कोंड्यासकट दळलेली गव्हाची कणीक. वहिनींनी ती घेतली. घट्ट मळली, टेबलभर लाटली, सुरीनं फिती कापल्या आणि वाळायला घातल्या खुर्च्यांच्या पाठींवर. त्या दिवसापासून दर बुधवारी त्यांच्या घरी आलेल्या पाहुण्याला उभ्याउभ्याच बोलून परत जावं लागे. सहाही खुर्च्या गुंतलेल्या असत.

वहिनींचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. शब्द जपून वापरणारा माणूस. लाटलेल्या फितीची जाडी तो घड्याळाच्या तबकड्या मोजायच्या चिमट्यानं मोजायचा आणि म्हणायचा, "जाड." वहिनी पुन्हा लाटायच्या. "अजून जाड." वहिनी लाटणं त्याच्यासमोर धरायच्या. मग तो म्हणायचा, "बरोबर."

पहिल्या गुरुवारी कँटीनमध्ये तो तपकिरी पास्ता बघून कटरमामांनी काटा त्यावर टकटक वाजवला. कटरमामा म्हणजे कागद कापायच्या मोठ्या यंत्रावरचे उस्ताद. हजार कागदांची चळत ते एका फटक्यात अशी कापत की कडेवर बोट फिरवलं तर काच वाटावी. माणूस तीन दारं रुंद, आवाज त्याहून रुंद.

"वहिनी," ते म्हणाले, "हा कुठल्या खोक्याचा पुठ्ठा?"

बासष्ट माणसं हसली. नाव पडलं ते पडलंच. पुढे त्या पुठ्ठ्याची अशी चटक लागली की गुरुवारी कोणी रजा मागेना. आजारी माणूससुद्धा दुपारी एकला येऊन पुठ्ठा खाऊन पुन्हा आजारी पडायला घरी जाई.

पण ही चटक लागायच्या आधी एक भानगड झाली होती, आणि ती सतरा वर्षं फक्त दोन माणसांना ठाऊक होती. पहिल्या गुरुवारी वहिनींनी टोमॅटोच्या सॉसमध्ये गाजर, लाल भोपळा, पालक आणि ढोबळी मिरचीचे तुकडे घातले होते. ताटल्या परत आल्या तेव्हा पास्ता संपलेला, सॉस पुसलेला आणि भाज्या जशाच्या तशा कडेला. कटरमामांच्या ताटलीत तर त्या रंगवार लावल्या होत्या, काटकोनात.

"मामा, हे काय?"

"भाजी."

"ती खायची असते."

"ज्यांना चार पाय असतात त्यांनी," मामा म्हणाले. "आणि भोपळा तर त्यांनीसुद्धा नाही. मी जन्मात भोपळा खाल्ला नाही, वहिनी, आणि मरेपर्यंत खाणार नाही. आमच्या आईनं हात टेकले, बायकोनं टेकले. तुम्ही तरी कशाला त्रास करून घेता?"

पुढच्या बुधवारी वहिनींनी नवऱ्यासमोर किसणी ठेवली, गाजरांचा ढीग ठेवला आणि अख्खा भोपळा ठेवला. "अहो, बारीक किसा. आणि कोणाला बोलायचं नाही."

बोलणं हा त्याचा प्रांतच नव्हता. त्यानं किसलं. वहिनींनी तो कीस शिजवला, घोटला, पालक आणि ढोबळी मिरचीसकट गाळण्यातून काढला आणि झाकणाच्या डब्यातून कँटीनमध्ये नेऊन टोमॅटोत मिसळला. त्या गुरुवारी ताटल्या इतक्या स्वच्छ आल्या की धुवायची लाज वाटली. कटरमामा दुसऱ्यांदा घ्यायला आले आणि म्हणाले, "बघा, भाजी काढलीत तर कसं माणसाचं जेवण झालं!"

तेव्हापासून सतरा वर्षं दर गुरुवारी मामांच्या पोटात पावशेर भोपळा जात होता आणि वहिनी पळी हातात धरून समाधानानं बघत होत्या.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एक परिपत्रक आलं.

छापखान्याचे व्यवस्थापक फार सज्जन गृहस्थ होते, पण त्यांना कागदावरून वाचल्याशिवाय बोलता येत नसे. लोकांनी त्यांचं नावच परिपत्रक ठेवलं होतं. त्यांनी कँटीनमध्ये उभं राहून वाचलं, की यापुढे कँटीनच्या प्रत्येक पदार्थाच्या पोषणमूल्यांची चौकट भिंतीवर लावण्यात येईल. आहारतज्ज्ञ येऊन हिशोब करतील आणि पदार्थाला हिरवी, पिवळी किंवा लाल टिकली देतील. हिरवी टिकली नसलेला पदार्थ बंद करून त्याजागी तयार पाकिटातला पदार्थ देण्यात येईल, कारण पाकिटावर चौकट आधीच छापलेली असते.

"ती आम्हीच छापतो की," मागून कोणीतरी म्हणालं.

"त्यामुळे ती उपलब्ध आहे," परिपत्रक गंभीरपणे म्हणाले.

आहारतज्ज्ञ आली ती एक तरतरीत मुलगी होती. दर वाक्यात एक तरी टक्का असायचा, म्हणून संध्याकाळपर्यंत तिचं नाव टक्केवारी पडलं. तिनं वहिनींना एक अर्ज दिला. पदार्थाचं नाव, त्यातले जिन्नस, वजन. "खरं लिहा हं," ती गोड हसून म्हणाली. "हाच अर्ज चौकटीबरोबर भिंतीवर लागणार आहे."

इथे वहिनींचं पेन थांबलं. भिंतीवर! म्हणजे रांगेत ताटकळणारे बासष्ट दीर तो वाचणार. आयुष्यात कधी चौकट न वाचणारी माणसं भुकेच्या वेळी काहीही वाचतात. वहिनींनी एकवार कटरमामांच्या बाकाकडे बघितलं आणि लिहिलं : पीठ. टोमॅटो. कांदा. लसूण. तेल. मीठ.

एवढं लिहून त्यांनी अर्ज देऊन टाकला आणि आपण फार हुशारी केली अशा समजुतीत त्या आठवडाभर राहिल्या.

आठवड्यानं निकाल आला. पुठ्ठ्याला पिवळी टिकली. तंतू पाच ग्रॅम. भाज्या : टोमॅटोखेरीज नाहीत. शेजारच्या रकान्यात पाकिटातला पास्ता, तंतू सात ग्रॅम, टिकली हिरवी. खाली परिपत्रकांची सही आणि सूचना : पुढील महिन्यापासून गुरुवारी पाकीट. वहिनींचं काम फक्त पाकीट कापून गरम पाण्यात ओतणं.

वहिनी तो कागद घेऊन तडक टक्केवारीसमोर उभ्या राहिल्या.

"पाच कुठून आणले?"

"तुम्ही पीठ लिहिलंय ना? पीठ म्हणजे मैदा धरला. पास्ता बहुतेक त्याचाच असतो."

"पीठ म्हणजे पीठ!" वहिनी कडाडल्या. "अख्खा दाणा दळला की त्याला पीठ म्हणतात. चाळून, पांढरं करून, त्यातला जीव काढून घेतला की मग त्याला दुसरं नाव द्यावं लागतं."

टक्केवारीनं वही उघडली. मुलगी प्रामाणिक होती. "अख्ख्या गव्हाचं असेल तर पुष्कळ फरक पडतो, वहिनी. दाण्याचं साल आणि अंकुर, सगळी मौज तिथंच असते. तंतू, लोह, ब जीवनसत्त्वं. पण हिरव्या टिकलीसाठी भाज्यांचेही गुण लागतात. आणि तुमच्या सॉसमध्ये नुसता टोमॅटो." तिनं पेन उचललं. "अजून काही असेल तर आत्ता सांगा. लिहून भिंतीवर लावू."

वहिनींनी कागदाची घडी घातली आणि घरची वाट धरली.

त्या दिवशी घरी सहाही खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी वहिनी उभ्याच होत्या.

"सांगितलं तर मामा खाणार नाहीत," त्या म्हणाल्या. "मामा नाहीत म्हणजे कटर विभागातला कोणी नाही. त्यांचं बघून डिंकवाले नाहीत. आणि नाही सांगितलं तर मी गुरुवारी कात्री घेऊन पाकिटं कापत बसायचं. सतरा वर्षं मी लाटतेय, अहो! माझे खांदे बघा. आणि माझ्या पुठ्ठ्याहून पाकीट सरस? त्या पाकिटाची चौकट सरळ असते एवढंच त्यातलं खरं, आणि तीही आपल्या मामांनी कापलेली म्हणून!"

नवऱ्यानं डोळ्याला लावलेलं भिंग काढलं. "मग?"

"मग काय? चोरी केलीय का मी? भोपळाच घातलाय ना, विष तर नाही घातलं?"

"नाही."

"मग मी का तोंड लपवू?"

नवरा उठला, आत गेला आणि किसणी घेऊन आला. ती त्यानं पुसून वर्तमानपत्रात गुंडाळली आणि वहिनींच्या पिशवीत ठेवली. आजवर ती किसणी घराबाहेर गेली नव्हती.

पुढच्या गुरुवारी दुपारी बारा वाजता वहिनींनी कँटीनचं मधलं टेबल ओढून बरोबर रांगेच्या तोंडाशी आणलं. टक्केवारीला तराजू घेऊन बोलावलं. परिपत्रकांना बोलावलं. एकचा भोंगा झाला, दीर आत आले आणि जागच्या जागी थबकले. मागे सॉसचं भांडं नेहमीसारखं तयार होतं, पण टेबलावर, तोलून दाखवायला, गाजरं होती, पालकाच्या जुड्या होत्या, ढोबळ्या मिरच्या होत्या आणि मधोमध, एखाद्या पाहुण्या अध्यक्षासारखा, लाल भोपळा बसला होता.

"हे कशाला?" कटरमामांनी विचारलं.

"सॉसला," वहिनी म्हणाल्या आणि सुरी भोपळ्यात घातली.

"आजपासून?"

"सतरा वर्षांपासून."

मामांनी टेबलावरचं एक गाजर उचललं.

"गाजर?" मामांनी अस्पष्ट आवाजात विचारलं.

"गाजर."

"पालक?"

"दर गुरुवारी दोन जुड्या."

मामांनी भोपळ्याकडे नुसतं बोट केलं.

"सगळ्यात जास्त तोच," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही दुसऱ्यांदा घेता, त्यामुळे तुमच्या पोटात सगळ्यांच्या दुप्पट. ओरडायचं असेल तर ओरडून घ्या, मामा, मी किसतेय तोवर. नंतर मला वेळ नाही."

मामा ओरडले नाहीत. ते वाईट होतं. बासष्टांसमोर त्यांनी आपली ताटली शांतपणे परत चळतीवर ठेवली, अगदी कडेला कड जुळवून. "आमच्या आईनं कधी फसवलं नाही मला," ते म्हणाले आणि निघून गेले. त्यांच्यामागे कटर विभाग गेला. डिंकवाले थोडे घुटमळले, एकानं भांड्याकडे आशाळभूतपणे बघितलं, पण शेवटी तेही गेले.

टक्केवारी मात्र कामाला लागली होती. कणीक तोलली, भाज्या तोलल्या, तेलाची पळी तोलून "हे थोडं कमी करता येईल" असं म्हणाली. वहिनींनी तिच्याकडे असं बघितलं की तिनं लगेच जोडलं, "म्हणजे अर्धा चमचा. बाकी तेलात शिजल्यामुळे टोमॅटोतलं आणि गाजरातलं चांगलं ते अंगी लागतं." मग तिनं हिशोब मांडला आणि तो मोठ्यानं वाचला. एका ताटलीत तंतू पंधरा ग्रॅम. प्रथिनं सोळा. मीठ पाकिटाच्या निम्मं. भाज्या टोमॅटोखेरीज चार. टिकली हिरवी.

"म्हणजे पाकिटापेक्षा?" वहिनींनी विचारलं.

"तंतू दुपटीहून जास्त."

"पुन्हा वाचा. जरा दाराकडे तोंड करून."

तिनं वाचलं. शेवटी मात्र म्हणाली, "यानं कोणाचे आजार बरे होतात असं नाही हं, वहिनी. पण आठवड्यातून एक जेवण असं असणं म्हणजे पुष्कळ आहे."

परिपत्रकांनी घसा साफ केला. "टिकलीचा प्रश्न सुटला. तथापि किमान चाळीस ताटल्या न खपल्यास पदार्थ बंद करावा असा नियम आहे. आज," त्यांनी मान लांबवून मोजलं, "एकोणीस."

"पुढच्या गुरुवारी मोजा," वहिनी म्हणाल्या.

तो बुधवार घड्याळवाल्याला जन्मभर लक्षात राहिला. त्यानं नेहमीप्रमाणे किसणी घेतली, तर वहिनींनी ती काढून घेतली आणि हातात सुरी दिली.

"तुकडे करा. मोठे."

"दिसतील."

"दिसायलाच हवेत. गाजर गाजरासारखं दिसलं पाहिजे आणि भोपळा भोपळ्यासारखा. आता कोणी म्हणायला नको की वहिनींनी आडून काही केलं." मग त्यांनी कणकेला हात घातला.

"किती माणसांचं?" नवऱ्यानं विचारलं.

"बासष्ट."

"एकोणीस ना?"

"बासष्ट म्हटलं ना! एक फीत कमी लाटणार नाही. उरलं तर परिपत्रकांच्या टेबलावर नेऊन ओतीन, नियमासकट खा म्हणावं."

नवऱ्यानं चिमटा लावून जाडी मोजली. त्या दिवशी पहिल्याच लाटण्याला तो "बरोबर" म्हणाला. दोन खुर्च्या भाज्यांच्या तुकड्यांनी अडवल्या होत्या, म्हणून त्यानं दुकानातून दोन उंच घड्याळं आणून त्यांच्या माथ्यांमध्ये काठी आडवी टाकली.

गुरुवारी एकचा भोंगा झाला. लसूण तेलात पडली होती, टोमॅटो रटरटत होते, आणि तो वास कँटीनच्या दारातून निघून जिना चढून थेट कटर विभागात गेला होता. वासाला परिपत्रक लागू नव्हतं. एकोणीस जण आले. मग डिंकवाले आले, एकमेकांना पुढे ढकलत. छत्तीस झाले. परिपत्रक दाराशी वही घेऊन उभे. मग कटरमामा आले. मागे विभागातले तिघं.

मामांच्या हातात घरचा डबा होता. ते आपल्या बाकावर बसले, डबा उघडला, आत बघितलं आणि पुन्हा बंद केला. बायकोनं काय दिलं होतं कोण जाणे. वहिनी भांडं ढवळत राहिल्या. त्यांनी बोलावलं नाही.

शेवटी मामा उठले आणि ताटली घेऊन भांड्यासमोर आले. हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, ते जुनं घोटलेलं नाही का थोडं? मी काही बघितलं नाही असं समजू आपण."

"नाही."

"माझ्यापुरतं?"

"दिसेल तेच मिळेल. तुम्हीच म्हणालात ना, फसवलं म्हणून? आता घ्या उघड्या डोळ्यांनी. नसेल घ्यायचं तर मागे माणसं उभी आहेत."

मागे तिघंच उभे होते आणि तिघंही मामांच्या तोंडाकडे बघत होते. परिपत्रकांचं पेन छत्तीसवर अडलं होतं. मामांनी भांड्यात डोकावून बघितलं. तांबड्या सॉसमधून भोपळ्याचे तुकडे बिनधास्त वर आले होते.

"वाढा," मामा म्हणाले.

वहिनींनी वाढलं. मुद्दाम दोन तुकडे जास्त. मामा बाकावर गेले. आधी गाजरं कडेला काढली, पालक काढला, सगळं काटकोनात लावलं. मग पास्ता खाल्ला. मग ताटलीत सॉस आणि ती रांग एवढंच राहिलं. सॉस पुसायचा तर रांग मोडल्याशिवाय इलाज नव्हता. साऱ्या कँटीननं जेवण थांबवलं. मामांनी भोपळ्याचा एक तुकडा काट्याला टोचला, डोळे मिटले आणि तोंडात टाकला. चावला. बराच वेळ चावला. दुसरा टोचला.

"कसा आहे?" वहिनी पळी घेऊन शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"काय कसा आहे?"

"भोपळा."

"हा भोपळा नाही," मामा ठामपणे म्हणाले.

"मग काय आहे?"

"ते मला माहीत नाही. पण भोपळा नाही. मला भोपळा आवडत नाही." आणि त्यांनी ताटली पुढे केली. "अजून थोडं. त्यातलं."

विभागातल्या तिघांनी ताटल्या उचलल्या. परिपत्रकांनी चाळीसचा आकडा वहीत लिहिला, वही काखेत मारली, आणि कोणी बघत नाही असं बघून रांगेत उभे राहिले.

पाकिटं काही आली नाहीत. पुठ्ठा राहिला. त्याची चौकटही भिंतीवर लागू लागली, दर गुरुवारी नवी, छापखान्यातच छापलेली, जाड कागदावर, हिरव्या टिकलीसकट. जिन्नसांच्या ओळी एकाखाली एक : अख्ख्या गव्हाची कणीक, टोमॅटो, गाजर, पालक, ढोबळी मिरची, कांदा, लसूण, तेल, मीठ आणि तळाशी लाल भोपळा. मात्र दर शुक्रवारी सकाळी ती तळची ओळ गायब असे. खोडलेली नाही, फाडलेली नाही, कापलेली. अशी सरळ की कडेवर बोट फिरवलं तर काच वाटावी.

कोणी कापली हे वहिनी विचारत नाहीत. त्या भिंतीवर, कागदाच्या त्या सरळ कडेखाली, खडूनं ठळक अक्षरात "लाल भोपळा" लिहितात आणि गुरुवारसाठी बाजारातून आणखी मोठा बघून आणतात.